बाळ पोटात दगावतं तेव्हा: दवाखान्यातल्या उपजत मृत्यूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रसूती विभागात समुपदेशक म्हणून काम करताना हे प्रश्न मला राउंडच्या वेळी क्वचित ऐकू येतात. ते येतात नंतर, जिन्यात, चहाच्या टपरीवर, नाहीतर डिस्चार्जचा कागद हातात पडल्यावर. बहुतेकदा सासू विचारते, नवरा विचारतो. जिच्या पोटातलं बाळ गेलं ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. म्हणून ही उत्तरं तिला समोर धरूनच लिहिली आहेत.

उपजत मृत्यू आणि गर्भपात एकच का?

नाही. २८ आठवडे, म्हणजे साधारण सात महिने पूर्ण झाल्यावर बाळ पोटात किंवा जन्मतानाच दगावलं आणि बाहेर आल्यावर त्याच्यात जिवंतपणाची कोणतीही खूण नसली, तर आपल्याकडे त्याला उपजत मृत्यू किंवा मृत जन्म म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनाही देशादेशांची तुलना करताना २८ आठवड्यांचीच रेघ धरते. काही देशांत ती २० किंवा २४ आठवड्यांवर आहे, त्यामुळे परदेशातल्या बहिणीने सांगितलेले आकडे आपल्याशी थेट ताडून बघू नका. बाळ एकदा जरी रडलं आणि मग गेलं, तर तो नवजात मृत्यू. कागदावर हा फरक मोठा आहे: तिथे जन्म आणि मृत्यू अशा दोन नोंदी होतात.

केसपेपरवर ‘आययूएफडी’ लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की बाळ गर्भाशयात असतानाच गेलं.

हे कितीजणींच्या वाट्याला येतं?

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे १९ लाख बाळं मृत जन्मली, म्हणजे दर १६ सेकंदांना एक. त्यातली जवळजवळ ३ लाख ४० हजार भारतातली होती, १,००० जन्मांमागे सुमारे १४. हा दर २०३० पर्यंत एक आकडी करायचा, असं उद्दिष्ट देशाच्या २०१४ च्या नवजात कृती आराखड्यात आहे. तुम्ही एकट्या नाही, हे सांगायला आकडे पुरेसे आहेत. त्याने दुःख कमी होत नाही, हेही मला ठाऊक आहे.

आता बाळंतपणं दवाखान्यातच होतात. तरी असं का घडतं?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसतं. म्हणजे घरी सुईणीच्या हातून बाळ गेलं, ही जुनी गोष्ट आता मागे पडली. आता बाळ जातं ते दवाखान्यात, किंवा दवाखान्याच्या वाटेवर, किंवा दवाखान्यात यायच्या दोन दिवस आधी, आणि कळतं मात्र दवाखान्यात.

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी मातामृत्यूंबद्दल तीन उशीर मांडले होते: दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, तिथे पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. बाळाच्या बाबतीतही हेच तीन उशीर लागू पडतात. पहिला घरात होतो: ‘ते कामावरून आले की जाऊ.’ दुसरा रस्त्यावर: मेळघाटात, अक्राणीत, भामरागडात पावसाळ्यात नाला भरला की ॲम्ब्युलन्स पलीकडेच थांबते. आदिवासी भागांतली माहेरघरं याचसाठी आहेत. दिवस भरत आलेली बाई आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहते. तिसरा उशीर आमच्याकडचा. बेड नाही, भूलतज्ज्ञ यायचे आहेत, रक्त आणायला माणूस पाठवलाय. या तिसऱ्याबद्दल दवाखाने कमी बोलतात.

मोठ्या सरकारी रुग्णालयात मृत बाळं जास्त जन्मतात. मग तिथे जाऊच नये का?

हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि घातकही. तालुक्याच्या ठिकाणी बीपी वाढलं, वार (बाळाला आईचं रक्त पोचवणारा गर्भाशयातला भाग) सुटून रक्त जायला लागलं, बाळ आडवं अडकलं, की बाई मोठ्या रुग्णालयात ‘रेफर’ होते. अवघड केस तिथेच गोळा होतात, म्हणून तिथला आकडा फुगतो. एखाद्या छोट्या नर्सिंग होमने ‘आमच्याकडे एकही मृत जन्म नाही’ असं सांगितलं, तर त्यांनी किती जणींना वेळेत पुढे पाठवलं आणि किती जणींना उशिरा, हे विचारावं.

आकडा वाचायची एक खूण सांगते. बाळाची त्वचा सोललेली, मऊ पडलेली असेल तर ते जन्माच्या बराच वेळ आधी, निदान सहा ते बारा तास तरी, गेलेलं असतं. याला मॅसरेटेड म्हणतात. त्वचा ताजी असेल तर फ्रेश, म्हणजे बहुतेक कळांच्या दरम्यान गेलेलं. पहिल्या प्रकारचे मृत्यू जास्त असतील तर गरोदरपणातल्या तपासण्यांकडे बघायचं, दुसरे जास्त असतील तर लेबर रूमकडे. जगभरात दर दहा मृत जन्मांपैकी चारांहून जास्त कळा सुरू झाल्यावरचे असतात.

‘संबंधित घटक’ म्हणजे कारण का? की माझी चूक?

दोन्ही नाही. रुग्णालयांतले अभ्यास सांगतात, की अमुक गोष्ट असलेल्या बायकांमध्ये मृत जन्म जास्त दिसले. उदाहरणार्थ, गरोदरपणात चारपेक्षा कमी वेळा तपासणीला आलेल्यांमध्ये. पण तपासणीला न येणं बाळाला मारत नाही. तपासणी झाली नाही म्हणून वाढलेलं बीपी दिसलं नाही, आणि तपासणी का झाली नाही, तर रोजगार बुडतो म्हणून. शिक्षण, गरिबी, अंतर, कमी वय, पस्तिशीपुढचं वय, पहिलटकरीण असणं, हे सगळे असेच घटक. त्यातला एकही बाईच्या माथी मारण्यासारखा नाही. वॉर्डात मात्र ‘तूच नीट खाल्लं नाहीस’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते कुणाच्या तोंडचं होतं तेही आता लक्षात राहत नाही.

आईच्या कोणत्या आजारांचा धोका सर्वात जास्त?

माझ्या अनुभवात पहिला नंबर बीपीचा. १४०/९० किंवा त्यापुढे गेलं आणि लघवीत प्रथिनं आली, की वारेकडे जाणारं रक्त कमी पडतं, बाळाची वाढ खुंटते, कधी वार वेळेआधीच सुटते. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली मधोमध दुखणं, चेहऱ्यावर सूज. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. ज्यांना आधीच्या खेपेला बीपीचा त्रास झाला होता, त्यांना डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात. ती मनाने घेऊ नका आणि मनाने बंदही करू नका.

साखर. सरकारी दवाखान्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ‘गोड पाणी पिऊन मळमळतं’ म्हणून ही दुसरी तपासणी चुकवणाऱ्या खूप असतात.

रक्त कमी असणं तर घरोघरी: त्याच सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय होता.

एक आजार लोक तोंडावर आणत नाहीत: सिफिलिस, गुप्तरोगाचा एक प्रकार. पहिल्याच भेटीत रक्ताची तपासणी आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन, एवढ्यात बाळ वाचू शकतं. इतकं स्वस्त आणि इतकं परिणामकारक या यादीत दुसरं काही नाही. नवऱ्यानेही उपचार घ्यायला हवा, नाहीतर आजार परत येतो.

आणि खाज. शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री खाज सुटते, तेव्हा ‘पोट ताणतंय’ म्हणून खोबरेल लावलं जातं. कधीकधी ती यकृतातल्या पित्ताची गडबड असते आणि पित्ताम्लं खूप वाढली तर बाळ अचानक जाऊ शकतं. एक रक्ततपासणी पुरते. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांचं अँटी-डी इंजेक्शन विसरू नका.

मिश्रीचा काय संबंध? ती तर दात घासायला असते.

हाच गैरसमज. पत्र्याची छोटी डबी, कमरेला किंवा ब्लाउजमध्ये, सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, कळा यायला लागल्या की पुन्हा एकदा. मी भरती होणाऱ्या बाईला ‘तंबाखू खाता का’ असं विचारायची, उत्तर ‘नाही’. ‘मिश्री लावता का’ असं विचारायला लागले, तेव्हा खरं कळायला लागलं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मृत जन्माचा धोका सुमारे अडीच पट निघाला. ती एकदम सुटत नाही हे खरं, पण दिवसातून चारदा लावणारीने दोनदा लावली तरी सुरुवात झाली. चुलीचा धूरही याच रांगेतला, फक्त तो बाईने निवडलेला नसतो.

नवव्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं ना?

नाही. या एका समजुतीने किती बाळं गेली असतील! हालचालीचा प्रकार बदलतो, लाथांऐवजी ढकलल्यासारखं, वळल्यासारखं वाटतं. पण हालचाल कमी होत नाही. बाळाला प्राणवायू कमी पडायला लागला की ते आधी हलणं कमी करतं, ताकद वाचवतं.

हालचालींचे आकडे मोजत बसल्याने मृत्यू कमी होतात असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही, त्यामुळे वहीत रेघा ओढल्या नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या बाळाची रोजची सवय ओळखा. काहीतरी खा, पाणी प्या, डाव्या कुशीवर शांत पडा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर निघा. रात्री दोनला सुद्धा. दुसऱ्यांदा असं झालं तर दुसऱ्यांदा. ‘उगाच आलात’ असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. मोबाईलवरच्या ॲपवर किंवा घरी आणलेल्या यंत्रावर ठोके ऐकून थांबू नका.

सातव्या महिन्यानंतर झोपताना पाठीवर नको, कुशीवर. मध्यरात्री जाग आली आणि पाठीवर असलात तर घाबरू नका, वळा.

सोनोग्राफी नॉर्मल होती. मग?

कोणत्या महिन्यातली? पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी अवयव बघते. आठव्या महिन्यात वार थकली आहे का, हे ती सांगू शकत नाही. वाढ बघायला पोटाची उंची टेपने दर वेळी मोजावी लागते आणि शंका आली तर कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, करावा लागतो. जुळी असतील तर एकाच वारेवरची आहेत की दोन, हे पहिल्या तीन महिन्यांत ठरवून घ्या. एका वारेवरच्या जुळ्यांना जास्त जपावं लागतं.

नाळ गळ्याभोवती होती म्हणून गेलं, असं सांगितलं.

असू शकतं, पण जिवंत, धडधाकट जन्मणाऱ्या चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा असतो. वेढा दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. हे उत्तर सोपं आहे, सगळ्यांना पटतं आणि पुढच्या तपासण्या तिथेच थांबतात, म्हणून मला ते आवडत नाही.

माहेरी बाळंतपणाला गेल्याने काही फरक पडतो?

माहेराने नाही, फाईलने पडतो. सात महिने एका डॉक्टरांकडे, ओटीभरण झालं की दुसऱ्या जिल्ह्यात. कॅरीबॅगमध्ये शेवटचा एक रिपोर्ट घडी घालून आलेला, बाकी ‘सासरी राहिलं’. आधीच्या सिझरचं, बीपीच्या गोळीचं, निगेटिव्ह रक्तगटाचं कुणाला पत्ताच नाही. ऊसतोडीच्या कुटुंबांत हे आणखी बिकट: दिवाळीच्या सुमारास बीडहून निघालेली बाई चार-पाच महिने कोपीत, कार्ड गावच्या आशाताईकडे, आणि कळा येतात कोल्हापूर-सांगलीच्या फडात. माता-बाल संरक्षण कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन मोबाईलवर ठेवा, एक नवऱ्याच्या, एक आईच्या.

कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात नेमकं काय चुकतं?

ठोके ऐकायचे राहतात. बाकीचं बरंचसं यातूनच येतं.

बाई भरती झाली की सिस्टर पोटावर जेली लावून डॉपलर, म्हणजे ठोके ऐकायचं छोटं यंत्र, फिरवते. आधी खरखर, मग ढपढप असा आवाज येतो आणि दारातले नातेवाईक सुटल्यासारखे श्वास सोडतात. अनुभवी सिस्टर मात्र दुसऱ्या हाताने बाईची नाडी धरून असते. दोन्ही ठोके जुळले तर तो आवाज बाळाचा नाही, आईचा आहे. हे न बघितल्याने ‘भरती झाली तेव्हा ठोके होते’ असं कागदावर राहतं आणि नंतर वाद होतात.

कळा चांगल्या सुरू झाल्या की निदान दर अर्ध्या तासाने, आणि बाई जोर लावायला लागली की दर पाच मिनिटांनी ठोके ऐकायचे असतात. एका सिस्टरकडे रात्री सहा बायका असतील तर हे गणित बसत नाही. बसवायला माणसं लागतात. भिंतीवरच्या तक्त्याने बसत नाही.

दुसरी गोष्ट कळांच्या इंजेक्शनची. ऑक्सिटोसिन सलाईनमधून, थेंब मोजून, ठोके ऐकत द्यायचं औषध आहे. लवकर मोकळी व्हावी म्हणून ते कुणी दंडात टोचून दिलं, तर कळांवर कळा येतात, मधे बाळाला रक्त मिळायला उसंत नाही, आणि आधीचं सिझर असेल तर गर्भाशय फाटूही शकतं. ‘इंजेक्शन देऊन मोकळं करा’ ही मागणी नातेवाईकांकडूनच येते, तेव्हा तेवढं टाळा. वरून पोट दाबायला सांगणंही टाळा.

तुम्ही विचारू शकता असा एक साधा प्रश्न: ‘आता ठोके किती आहेत?’ ११० ते १६० च्या दरम्यान उत्तर यायला हवं. वाद घालू नका, फक्त विचारत राहा. गर्भजल हिरवट आलं, रक्त गेलं, नाळ हाताला लागली, तर लगेच हाक मारा. तारीख उलटली असेल तर ४१ आठवड्यांपुढे ‘येतील आपोआप कळा’ म्हणत घरी थांबू नका.

ग्रहणात सुरी धरली, पपई खाल्ली, दृष्ट लागली?

नाही, नाही, आणि नाही.

मामाच्या मुलाशी लग्न झालंय. त्यामुळे?

जवळच्या नात्यातल्या लग्नांत जन्मजात व्यंगांचं आणि मृत जन्माचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. बहुतेक जोडप्यांना तरीही निरोगी मुलं होतात. एक बाळ गेलं असेल तर पुढच्या आधी जनुकीय सल्ला घ्या.

बाळ गेलंय कळल्यावर सिझर करून लगेच का काढत नाहीत?

हा राग मी समजू शकते. गेलेल्या बाळासाठी कळा का सोसायच्या? पण सिझरचा टाका पुढच्या बाळंतपणावर सावली टाकतो, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढवतो. म्हणून गोळ्यांनी कळा आणून नैसर्गिक बाळंतपण करतात. वेदना कमी करायचं औषध मागा, तो तुमचा हक्क आहे. जोरात रक्त जात असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल किंवा आधीची बरीच सिझरं असतील तर गोष्ट वेगळी. मृत बाळ पोटात राहिल्याने लगेच ‘विष’ होत नाही. एक-दोन दिवस विचार करायला मिळू शकतात, मात्र आठवडे घालवले तर रक्त गोठण्यात बिघाड होऊ शकतो.

बाळाला बघावं का?

ज्या बाईला बघायचंय तिला बघू द्या. ‘तिला सहन होणार नाही’ हे तिच्याऐवजी दुसऱ्यांनी ठरवायचं नाही. एकीने फक्त पायाची बोटं बघायला मागितली होती. फडक्याची घडी तेवढीच उघडली, तिने पाचही बोटं मोजली आणि घडी स्वतःच नीट बंद केली. नको म्हणणारीलाही आग्रह करू नका.

कारण कळायला कोणत्या तपासण्या?

वार फेकू देऊ नका. ती पॅथॉलॉजीला पाठवणं ही सर्वात उपयोगी तपासणी असते. बाळाचं वजन, बाह्य तपासणी, शक्य असेल तर शवविच्छेदन. आईची साखर, थायरॉइड, सिफिलिस, रक्त गोठण्यासंबंधीच्या तपासण्या. इतकं करूनही अनेकदा कारण सापडत नाही. तरी काय नव्हतं, हे कळल्याचाही पुढच्या खेपेला उपयोग होतो.

बाळ नाही आणि छातीत दूध येतंय.

दोन ते चार दिवसांत येतं, आणि याची कुणी आधी कल्पनाच देत नाही. घट्ट बसणारी ब्रा, थंड कापड, गरज पडल्यास दुखण्याची गोळी. पिळून काढत राहिलात तर जास्त येतं. दूध बंद करायची गोळी असते, पण बीपी वाढलेलं असेल तर ती चालत नाही, म्हणून दुकानातून परस्पर आणू नका. झोप उडाली, जगावंसं वाटेना, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

नोंद आणि रजेचं काय?

मृत जन्माची वेगळी नोंद २१ दिवसांत होते. दवाखान्यात झाला असेल तर ते काम दवाखान्याचं. नोकरी असेल तर हे नीट वाचा: १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात ‘मूल’ या शब्दातच मृत जन्मलेलं मूल धरलेलं होतं; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ऑफिसातून ‘गर्भपाताची सहा आठवडे’ असं सांगितलं गेलं तर ते चूक, लागू होते ती बाळंतपणाची रजा. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी २०२२ पासून ६० दिवसांच्या विशेष रजेचाही आदेश आहे.

पुन्हा असंच होईल का?

एकदा असं झालेल्यांमध्ये धोका इतरांपेक्षा चार-पाच पट जास्त असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पटीचा आकडा घाबरवतो. श्रीमंत देशांतल्या अभ्यासांत अशा १०० जणींपैकी दोन-तीनजणींच्या बाबतीतच ते पुन्हा घडलं. आपल्याकडे ते थोडं जास्त असेल, तरी बहुतेक जणी बाळ घेऊनच घरी जातात. किती थांबायचं हे शरीर, रक्ताचं प्रमाण आणि मन बघून डॉक्टरांशी ठरवा. ‘लगेच दुसरं राहू द्या, विसरेल’ या सल्ल्यावर ठरवू नका.

दिवस गेले की पहिल्याच भेटीत सगळं सांगा, सासरच्यांसमोर बोलता येत नसेल तर एकटीने आत जा. जुना डिस्चार्ज, वारेचा रिपोर्ट सोबत न्या. डॉक्टर केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ‘जी२ पी१ एल०’ असं काहीतरी लिहितील. जी२ म्हणजे दुसऱ्यांदा दिवस गेलेत, एल० म्हणजे जिवंत मूल नाही. मधला पी१ म्हणजे ते बाळ.